‘दशावतार’ : मेटल संगीतातील पुराणकथा आणि मराठी परंपरेतील नववा अवतार

प्रस्तावना :

मराठी समीक्षेने संगीताचा विचार केला तो प्रामुख्याने शास्त्रीय गायन, नाट्यसंगीत, भावगीत, लावणी, पोवाडा, आंबेडकरी जलसे आणि भीमगीते यांच्या संदर्भात. विजेच्या गिटारवर वाजविले जाणारे आणि ‘हेवी मेटल’ किंवा नुसते ‘मेटल’ या नावाने ओळखले जाणारे संगीत मराठी अभ्यासकाच्या कक्षेबाहेरच राहिले. ते शहरी आहे, बहुतांशी इंग्रजी आहे आणि अनेकांच्या कानाला तो निव्वळ गोंगाट वाटतो, ही त्यामागील कारणे समजण्यासारखी आहेत. परंतु मुंबईच्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ या वाद्यवृंदाने २०१७ साली विष्णूच्या दहा अवतारांवर दहा गीतांचा ‘दशावतार’ नावाचा अल्बम प्रसिद्ध केला, तेव्हा हे संगीत मराठी अभ्यासकाच्या अंगणात येऊन उभे राहिले असे म्हणावे लागते. कारण दशावतार ही कल्पना महाराष्ट्रात केवळ पुराणातील कथा नाही. ती दक्षिण कोकणातील एका लोकरंगभूमीचे नाव आहे, वेरूळच्या एका लेण्याचे नाव आहे, महात्मा फुले यांच्या ‘गुलामगिरी’चा विषय आहे आणि १९५६ च्या धम्मदीक्षेतील एका प्रतिज्ञेचाही विषय आहे.

प्रस्तुत लेखात या अल्बमची घडण, त्यामागील संगीतप्रकाराची भूमिका आणि मराठी परंपरेच्या प्रकाशात त्याचे मूल्य यांचा विचार केला आहे. दैत्याच्या पुनरुत्थानाचे नाव धारण करणारा हा वाद्यवृंद आपल्या भूमीतील कथेकडे वळला, तेव्हा त्याने दैत्याची बाजू का सोडली, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे. हा विचार करताना गीतांच्या ओळींपेक्षा अल्बमची रचना, गीतांची शीर्षके, त्यांचा क्रम आणि ध्वनीची जात यांवर भर दिला आहे.

मेटल संगीताची घडण :

मेटल संगीताचा उगम इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या औद्योगिक शहरात सांगितला जातो. ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदाचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झाला. त्याचे बहुतांश ध्वनिमुद्रण एका दिवसात उरकलेले होते. या वाद्यवृंदातील गिटारवादक टोनी आयोमी हे तरुणपणी पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असताना यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्यांनी बोटांसाठी टोपणे तयार केली, हलक्या तारा वापरल्या आणि पुढे १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बममध्ये तारा सैल करून स्वर खाली उतरविला. बोटांवर ताण कमी यावा म्हणून शोधलेली ही सोय पुढे संपूर्ण संगीतप्रकाराची ओळख ठरली. मेटलचा जड, खर्जातील, खोल नाद कारखान्यातील कामगाराच्या जखमेतून आला, ही गोष्ट या संगीताचा विचार करताना विसरता येत नाही.

त्या नादाबरोबर एक भूमिकाही आली. प्रस्थापित धर्म, युद्ध आणि सत्ता यांच्याविषयी संशय ही ती भूमिका. युरोपात प्रस्थापित धर्म म्हणजे चर्च. म्हणून चर्चने ज्याला शत्रू मानले तो सैतान या संगीतात प्रतीक म्हणून आला. पुढे उत्तर युरोपात याच भूमिकेला दुसरे वळण मिळाले. स्वीडनच्या ‘बाथरी’ या वाद्यवृंदाने १९९० च्या ‘हॅमरहार्ट’ या अल्बममध्ये ख्रिस्तपूर्व नॉर्स दैवतांचे जग उभे केले. ख्रिस्ती धर्माने पुसून टाकलेल्या दैवतकथा पुन्हा गाणे, हा तेथे विरोधाचाच एक प्रकार होता. या विरोधाने नॉर्वेत १९९२ पासून चर्चच्या इमारती जाळण्यापर्यंत विकृत मजल मारली, हेही नमूद केले पाहिजे.

तिसरे उदाहरण ब्राझीलचे आहे. ‘सेपुल्तुरा’ या वाद्यवृंदाने १९९६ च्या ‘रूट्स’ या अल्बमसाठी तेथील शावांते या आदिवासी समाजाच्या वस्तीत जाऊन त्यांच्यासोबत ध्वनिमुद्रण केले. ब्राझीलचा प्रस्थापित इतिहास ज्यांना बाजूला ठेवत आला, त्यांचा आवाज त्यांनी आपल्या अल्बमच्या मध्यभागी आणला.

या तिन्ही उदाहरणांत एक समान सूत्र दिसते. सैतान असो, नॉर्स देव असो वा शावांते असो, मेटल संगीत आपल्या भूमीत हरलेल्याच्या बाजूने उभे राहिले. हे सूत्र हाती ठेवून मुंबईकडे पाहिले पाहिजे.

मुंबईतील पार्श्वभूमी आणि वाद्यवृंदाची वाटचाल :

मुंबईत रॉक आणि मेटल संगीताला सार्वजनिक व्यासपीठ मिळाले ते मुख्यतः १९८६ पासून भरणाऱ्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ या महोत्सवामुळे. धोबीतलावजवळील रंगभवन या खुल्या नाट्यगृहात हा महोत्सव अनेक वर्षे होत असे. पुढे ध्वनिप्रदूषणविषयक नियमांमुळे रंगभवनातील मोठ्या आवाजाचे कार्यक्रम थांबले आणि हे संगीत शहरभर विखुरले.

अशा काळात, २००० साली, साहिल मखिजा यांनी ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ची स्थापना केली. ‘दैत्याचे पुनरुत्थान’ असा या नावाचा अर्थ होतो. मखिजा स्वतः ‘डेमनस्टीलर’ हे टोपणनाव वापरतात आणि गायन व गिटार अशा दोन्ही बाजू सांभाळतात. त्याच वर्षी त्यांचा ‘डेमनस्टीलर’ हा पहिला अल्बम आला; नंतर ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ (२००५), ‘बियाँड द डार्कनेस’ (२००७), ‘द रिटर्न टू डार्कनेस’ (२०१०), ‘द डेमन किंग’ (२०१४) आणि ‘दशावतार’ (२०१७) असा क्रम लागतो. मोठ्या कंपन्यांना या संगीतात रस नसल्याने मखिजा यांनी ‘डेमनस्टीलर रेकॉर्ड्स’ ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि तिच्यामार्फत इतर भारतीय वाद्यवृंदांचेही अल्बम प्रसिद्ध केले. मराठीतील लघुनियतकालिकांच्या चळवळीशी या उद्योगाचे साम्य लक्षात येण्यासारखे आहे. प्रस्थापित प्रकाशन दार उघडत नाही, म्हणून लिहिणाऱ्यानेच छापायचे आणि आपल्यासारख्या इतरांनाही छापायचे, हा साठोत्तरी मराठी साहित्याचा अनुभव येथे संगीताच्या क्षेत्रात पुन्हा आलेला दिसतो.

बाहेरच्या जगाने या प्रयत्नांची दखल घेतली. सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडियन यांच्या ‘ग्लोबल मेटल’ (२००८) या माहितीपटात भारतातील मेटल संगीताचे चित्रण आहे आणि त्यात मखिजा यांची मुलाखत आहे. २०१० मध्ये वाद्यवृंदाला ‘मेटल हॅमर’ या ब्रिटिश नियतकालिकाचा ‘गोल्डन गॉड्स’ पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी नॉर्वेतील ‘इन्फर्नो’ महोत्सवात त्यांचे वादन झाले. चर्चविरोधी मेटल ज्या देशात टोकाला गेले, त्याच देशात मुंबईचा वाद्यवृंद दैत्याचे नाव घेऊन उभा राहिला. मात्र हा दैत्य तोपर्यंत उसना होता. काळोख, नरक, सैतान ही सारी प्रतीके युरोपीय ख्रिस्ती धर्मकल्पनेतून आलेली होती. भारतीय श्रोत्याला त्यांचा नाद भावत असला, तरी त्यांचा अर्थ त्याच्या जगण्याला भिडत नव्हता.

म्हणूनच ‘दशावतार’ हा या वाटचालीतील महत्त्वाचा टप्पा ठरतो. येथे वाद्यवृंद प्रथमच पूर्णपणे भारतीय कथाविषयाकडे वळला आणि भारतीय वाद्यांचे नाद मेटलच्या वाद्यमेळात आणले गेले. गीतांची भाषा इंग्रजीच राहिली. शीर्षकांत मात्र अवताराचे संस्कृत नाव आणि त्याला जोडलेले इंग्रजी विशेषण अशी जोडी आली. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की असा क्रम आहे. रामाला राजपुत्र, कृष्णाला गवळी, बुद्धाला शिक्षक आणि कल्कीला घाणीचा संहारक या अर्थाची विशेषणे आहेत.

ध्वनी आणि विषय यांचा मेळ :

या अल्बमचे सर्वांत मोठे यश ध्वनीच्या पातळीवरचे आहे. मेटलमधील गुरगुरणारा आवाज, ज्याला ‘ग्राउल’ म्हणतात, तो नेहमीच्या गायनाप्रमाणे केवळ स्वरतंतूंच्या कंपनातून निघत नाही. त्यांच्या वर असणाऱ्या घडीही त्यात कंप पावतात. परिणामी माणसाच्या गळ्यातून माणसाचा न वाटणारा आवाज उमटतो. सैतानाविषयीच्या गीतांत हा आवाज अनेकदा केवळ भीती दाखविण्यापुरता उरतो. पहिल्या चार अवतारांच्या बाबतीत मात्र त्याला खरा अर्थ प्राप्त होतो. मासा, कासव, डुक्कर आणि अर्धा सिंह यांना माणसाची वाणी कशी द्यावी, हा कीर्तनकारापुढचा आणि नाटककारापुढचा जुना प्रश्न आहे. कीर्तनकार हा प्रश्न वर्णनाने सोडवितो, दशावतारी नट मुखवट्याने सोडवितो. मेटलचा गायक तो गळ्याने सोडवितो.

नरसिंहाच्या बाबतीत हे विशेषत्वाने पटते. परभणी जिल्ह्यातील पोखर्णी येथील नृसिंह अनेक घराण्यांचे कुलदैवत आहे. घरातल्या देव्हाऱ्यातील नरसिंह बहुधा शांत, लक्ष्मीसहित असतो. त्याचा उग्रपणा भक्तीने निववलेला असतो. पण कथेतील क्षण तसा नाही. ना दिवस ना रात्र, ना घरात ना बाहेर, ना माणूस ना पशू अशा संधीच्या क्षणी खांब फुटतो. या ‘ना हे ना ते’ अवस्थेला अनुरूप ध्वनी स्वच्छ गळ्याचे गायन सहजी देऊ शकत नाही. मेटलमध्ये गुरगुरणारा आणि स्वच्छ असे दोन्ही आवाज एकाच रचनेत येऊ शकतात आणि ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ने ही पद्धत आरंभापासून वापरली आहे. अर्धा पशू आणि अर्धा मानव असणाऱ्या दैवतासाठी यापेक्षा चपखल साधन शोधणे अवघड आहे. आयात केलेला संगीतप्रकार एखाद्या देशी कथेतील झाकलेले अंग उघडे करू शकतो, हे येथे सिद्ध होते. ‘हे आपले संगीत नव्हे’ असे म्हणून या अल्बमला बाजूला सारणाऱ्यांनी या मुद्द्याचा विचार करावा असे वाटते.

मराठी परंपरेतील दशावतार :

तथापि ध्वनीची ही अनुरूपता मान्य केल्यावरही बाजू कोणाची घेतली, हा प्रश्न उरतोच. या प्रश्नाकडे जाण्यापूर्वी मराठी परंपरेने दहा अवतारांची यादी कशी वाचली, हे पाहिले पाहिजे. कारण ही यादी कधीही निर्विवाद नव्हती. बाराव्या शतकातील जयदेवाच्या ‘गीतगोविंद’मध्ये आठवा अवतार हलधर बलराम आहे, कृष्ण नाही, कारण तेथे कृष्ण हा स्वतः अवतार घेणारा आहे. वेरूळचे १५ क्रमांकाचे लेणे दशावतार लेणे म्हणून ओळखले जाते आणि ते मूळचे बौद्ध विहार म्हणून खोदावयास घेतले गेले असावे, असे अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे मराठवाड्याच्या दगडातच दशावतार आणि बुद्ध एकमेकांवर कोरलेले आहेत.

पहिले वाचन दक्षिण कोकणातील दशावतारी नाटकाचे आहे. या नाटकाच्या पूर्वरंगात गणपती, सरस्वती यांच्याबरोबर संकासुर येतो. काळ्या वेषातील, लाल जीभ बाहेर काढलेला हा असुर वेद चोरणारा आहे. शेवटी विष्णू त्याचा वध करतो. पण त्यापूर्वी रंगमंचावर खरी सत्ता असते ती त्याचीच. तो बोलीत बोलतो, भटजीची फिरकी घेतो, प्रेक्षकांना हसवितो. वध होणार हे ठाऊक असूनही प्रेक्षकाचे प्रेम संकासुरावर असते. विष्णूच्या नावाने चालणाऱ्या रंगभूमीने दैत्याला बोलण्याची संधी दिली, ही लोकपरंपरेची मोठी शहाणीव आहे.

दुसरे वाचन महात्मा जोतीराव फुले यांचे आहे. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गुलामगिरी’त धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादातून मत्स्यापासून परशुरामापर्यंतच्या अवतारकथा उलटून वाचल्या आहेत. फुल्यांच्या मते या कथा म्हणजे बाहेरून आलेल्यांनी येथील लोकांवर केलेल्या स्वाऱ्यांच्या आठवणी आहेत. हिरण्यकश्यपू आणि बळी हे त्यांच्या दृष्टीने दैत्य नव्हेत. ते येथले राजे होत. परशुराम चिरंजीव असेल तर त्याने हजर व्हावे, अशी जाहीर नोटीसही त्यांनी या पुस्तकात दिली. ऐतिहासिक संशोधन म्हणून या मांडणीतील तपशिलांवर मतभेद होऊ शकतात. परंतु कथा कोणाच्या बाजूने सांगितली गेली, हा प्रश्न त्यांनी मराठी वाचकाला कायमचा दिला. मराठी शेतकरी घरांत हा प्रश्न फुल्यांच्याही आधीपासून जिवंत होता. इडा पिडा टळो आणि बळीचे राज्य येवो, ही इच्छा ज्या घरातील बाई औक्षण करताना बोलते, तिने वामनाच्या कथेत आपली बाजू केव्हाच निवडलेली असते.

तिसरे वाचन वारकरी संतांचे आहे. त्यांनी नवव्या अवताराचे नाव ‘बौद्ध’ असे स्वीकारले आणि तो पंढरीच्या विटेवर उभा आहे असे सांगितले. परभणी जिल्ह्यातीलच गंगाखेडच्या जनाबाईंच्या नावे असलेल्या एका अभंगात, कंसाला मारणारा कृष्णच आता बुद्ध होऊन आपला सखा झाला आहे, असा आशय येतो. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात विठ्ठल आणि बुद्ध यांच्या या एकरूपतेची साक्षेपाने चर्चा केली आहे. संतांच्या दृष्टीने नववा अवतार शस्त्र टाकलेला आहे. तो कोणाला मारीत नाही. कटीवर हात ठेवून उभा राहतो आणि मौन पाळतो.

चौथे वाचन डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे असून ते या यादीलाच नकार देणारे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी आपल्या अनुयायांना दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी पाचवी प्रतिज्ञा बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मत स्पष्टपणे नाकारते आणि ते खोडसाळ प्रचार मानते. संतांनी जे मिलन प्रेमाने केले, त्यात बुद्धाचे वेगळेपण पुसले गेले, अशी या नकारामागची भूमिका आहे. विष्णूचा नववा अवतार ठरविल्याने बुद्धाचा सन्मान झाला नाही, त्याचे बंड पचविले गेले, असे हे वाचन सांगते.

नववे गीत आणि सोडलेली बाजू :

या चार वाचनांच्या पार्श्वभूमीवर अल्बमकडे पुन्हा पाहिले, तर त्याची मर्यादा स्पष्ट होते. दहा गीते, दहा अवतार, प्रचलित क्रम आणि प्रत्येक गीताला अवताराचेच नाव. बळीच्या नावाचे गीत नाही, हिरण्यकश्यपूच्या नावाचे नाही. नवव्या क्रमांकावर बुद्ध आहे; आठव्या कृष्णानंतर आणि दहाव्या कल्कीपूर्वी त्याची जागा निमूटपणे ठरलेली आहे. त्याला शिक्षक म्हणणे चुकीचे नाही. पण तो शिक्षक विष्णूच्या रांगेत उभा असताना शिकवितो की त्या रांगेतून बाहेर पडून शिकवितो, हाच महाराष्ट्रातील दीड शतकाचा वाद आहे आणि अल्बमच्या रचनेला त्याचा स्पर्श झालेला नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. कलावंताने अवतारकथा केवळ अद्भुतकथा म्हणून, संगीताला पोषक अशी मोठी दृश्ये म्हणून घेतल्या असतील, तर त्याच्याकडून सामाजिक वाचनाची अपेक्षा का करावी? हा आक्षेप योग्य आहे आणि कलावंताच्या हेतूविषयी प्रस्तुत लेखकाचे काहीही म्हणणे नाही. परंतु कथा अद्भुत म्हणून घेतली तरी ती ज्या भूमीत गायिली जाते, तेथे तिचा अर्थ ठरलेला असतो. ‘बाथरी’ने नॉर्स देव गायिले तेव्हा त्या देवांची मंदिरे शिल्लक नव्हती. दशावतारांपैकी राम आणि कृष्ण यांची मंदिरे आपल्या गावोगावी आहेत, त्यांच्या नावाने राजकारण चालते आणि त्यांच्याविषयी प्रश्न विचारणे किती कठीण आहे, हे १९८७ साली महाराष्ट्र शासनाने डॉ. आंबेडकरांचे ‘रिडल्स इन हिंदुइझम’ प्रसिद्ध केल्यानंतर उठलेल्या वादळाने दाखविले आहे. युरोपात पुराणकथेकडे जाणे म्हणजे हरलेल्याकडे जाणे होते. भारतात त्याच वाटेने गेल्यास आपण जिंकलेल्याच्या दारात पोहोचतो. कृती तीच, पण तिचा अर्थ उलटा. संगीतप्रकार आयात करताना त्याच्या भूमिकेचा अनुवाद शब्दशः केला की असे घडते.

याहून लक्षणीय गोष्ट अशी की, या वाद्यवृंदाजवळ योग्य जागा आधीपासून होती. त्यांचे नावच दैत्याच्या पुनरुत्थानाचे. २०१४ च्या त्यांच्या अल्बमचे नाव दैत्यराजाचे. हा दैत्य युरोपातला होता तोपर्यंत ते त्याच्या बाजूने उभे राहिले. दैत्य मराठी मातीतला झाला असता, तर त्याचे नाव बळी झाले असते आणि त्याच्या पुनरुत्थानाची वाट तर आपल्याकडील बाया दरवर्षी पाहतात. नेमक्या घरी परतण्याच्या क्षणी या वाद्यवृंदाने दैत्याची बाजू सोडून त्याचा वध करणाऱ्यांची नावे शीर्षकांत घेतली. कोकणातील संकासुराला लोकरंगभूमीने जेवढी मोकळीक दिली, तेवढीही या रचनेत दैत्याला मिळालेली नाही.

दहाव्या गीताचे विशेषण या दृष्टीने अधिक विचार करावयास लावते. कल्की घाणीचा संहारक. कल्क म्हणजे मळ, पाप. पुराणाच्या दृष्टीने हे विशेषण परंपरासंमतच आहे. पण घाण म्हणजे काय आणि ती कोणाच्या अंगाला चिकटविली गेली, हा ज्या समाजाचा इतिहास आहे, तेथे हा शब्द निरागस राहत नाही. मराठवाड्यातील महाविद्यालयात एकाच बाकावर नरसिंह कुलदैवत असलेल्या घरातील आणि धम्मदीक्षा घेतलेल्या घरातील विद्यार्थी बसतात. हे संगीत आता भ्रमणध्वनीवरून दोघांच्याही कानापर्यंत पोहोचते. नववे आणि दहावे गीत दोघांना सारखे ऐकू येणार नाही. शिक्षकाने हा फरक वर्गात झाकून न ठेवता तो अभ्यासाचा विषय करणे आवश्यक आहे.

वारसा :

‘डेमॉनिक रिझरेक्शन’चा वारसा दोन प्रकारचा आहे. पहिला व्यवस्थेचा. मोठ्या कंपन्यांवाचून, स्वतःच्या प्रकाशनसंस्थेतून आणि स्वतःच्या श्रमावर भारतात मेटल संगीत करता येते आणि ते परदेशी रंगमंचापर्यंत नेता येते, हे त्यांनी दाखविले. ‘भयानक मौत’, ‘स्क्राइब’ यांसारखे मुंबईतील समकालीन वाद्यवृंदही याच स्वावलंबी वातावरणात वाढले. दुसरा वारसा विषयाचा. भारतीय कथा आणि भारतीय नाद मेटलमध्ये सामावू शकतात, याचा ‘दशावतार’ हा ठळक पुरावा आहे. हा प्रयोग एकटा नव्हता. सिंगापूरच्या ‘रुद्र’ या वाद्यवृंदाने १९९२ पासून वेदान्तविचार मेटलमध्ये आणला होता आणि दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’ने ‘रक्षक’ (२०२२) या अल्बममध्ये हिंदी, पंजाबी शब्द आणि ढोल यांचा आधार घेतला.

मराठी भाषेचा या नकाशातील वाटा अद्याप लहान आहे. शेजारच्या रॅप या संगीतप्रकारात चित्र वेगळे दिसते. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या समूहाने २०१९ मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ या गीतात आरेच्या जंगलातील आदिवासींचा आवाज मराठीतून मांडला. ‘सेपुल्तुरा’ने ब्राझीलमध्ये जे केले, त्याचे मराठीतील उदाहरण मेटलऐवजी रॅपमध्ये सापडावे, हे विचार करण्यासारखे आहे. मेटलला लागणारी वाद्ये, तालमीची जागा आणि वीज यांचा खर्च मोठा आहे, हे त्याचे एक व्यावहारिक कारण असावे. पण नादाच्या दृष्टीने मराठीकडे काहीच कमी नाही. संबळाचा कडकडाट, पोतराजाच्या आसुडाचा आवाज, शाहिराची चढ्या पट्टीतील ललकारी ही सारी मेटलच्या जातकुळीतील सामग्री आहे. बळीच्या बाजूने गायिले जाणारे मराठी मेटल ही कल्पना म्हणूनच अशक्य वाटत नाही.

निष्कर्ष :

१. मेटलचा अमानुष आवाज मत्स्य ते नरसिंह या अवतारांना जी वाणी देतो, ती पारंपरिक माध्यमांना सहज साधणारी नव्हती. ‘दशावतार’ हा अल्बम या अर्थाने भारतीय कथेला नवे काही देतो.

२. जगातील मेटल संगीताने आपापल्या भूमीत हरलेल्याची बाजू घेतली. ‘दशावतार’च्या शीर्षकांत आणि क्रमात ही बाजू सुटलेली दिसते, कारण युरोपातील पुराणकथा आणि भारतातील पुराणकथा यांचे समाजातील स्थान भिन्न आहे.

३. दशावतारांची यादी मराठीत कधीच एकमताने वाचली गेली नाही. संकासुराला मंच देणारी लोकरंगभूमी, कथा उलटून वाचणारे फुले, बुद्धाला सखा मानणारी जनाबाई आणि ती यादी नाकारणारे आंबेडकर ही चारही वाचने आपली आहेत. या विषयावरील कोणत्याही कलाकृतीचे मूल्यमापन मराठी समीक्षकाने त्यांच्या साक्षीनेच केले पाहिजे.

४. हे संगीत ‘आपले नव्हे’ म्हणून टाळल्यास आपल्या विद्यार्थ्यांच्या कानावर रोज जे पडते त्याविषयी आपल्याजवळ शब्द उरणार नाहीत. त्याचे केवळ कौतुक केल्यास आपल्याच परंपरेने विचारलेले प्रश्न विसरले जातील. नववा अवतार कोण आणि त्याला त्या रांगेत कोणी उभे केले, हा प्रश्न कितीही मोठ्या आवाजाच्या संगीतात बुडता कामा नये.